कळस उंडीच्या शेंड्यावर

मला एका जागी बसवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत शिकवत होते तेव्हाही मी खुर्चीत बसलेली कोणी पाहिली नाही. मुलं पाठीमागे म्हणायची, बाईंच्या पायांत भिंगरी आहे. अशा बाईला खाडीच्या मधोमध, वाळूत रुतलेल्या होडीत तीन तास बसवून ठेवायचं, ही शिक्षा कोणी विचार करून दिली असती तरी इतकी नेमकी जमली नसती. आणि ती मी माझ्याच तोंडाने ओढवून घेतली होती. होडी वाळूत घातली हातांनी, हे खरं. पण हात बिचारे काय करणार? तोंडाने चार वर्षं आधीच घोळ घालून ठेवला होता.

गावपळणीचा दिवस होता. आमच्या भागात चार-पाच गावांत ही रीत आहे. आचऱ्याची सगळ्यांना ऐकून माहीत असते, आमची लहान गावची, तिला कोण विचारतंय. तीन-चार वर्षांतून एकदा देवाला कौल लावतात. देवाचा होकार आला की ठरल्या दिवशी सगळं गाव तीन दिवसांसाठी हद्दीबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि देवळातली नौबत वाजायच्या आत हद्द ओलांडायची. तीन रात्री गावात दिवा नाही की आवाज नाही. पलीकडे माळावर झावळ्यांच्या झोपड्या घालून सगळ्यांनी राहायचं, एकत्र जेवायचं, भजनं करायची. हे कशासाठी, असं मी लहानपणी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देवाक पण कधी एकट्याक ऱ्हवाचा आसता." मला ते अजून पटतं.

आमच्या गावाची एक हद्द म्हणजे खाडी. वरच्या अंगाला पूल झाल्यापासून सगळे रिक्षा-टेम्पोने जातात. आमचं घर तेवढं होडीने. कारण बाबा तांडेल. पस्तीस वर्षं त्यांनी मचवे हाकले, आधी दुसऱ्यांचे आणि मग स्वतःचा, आणि सबंध किनारपट्टीला त्यांची एकच बढाई: "माझी होडी आजून कधी रेतयेक लागूक नाय." लग्नात, बारशात, कोणी विचारो न विचारो, हे वाक्य यायचंच. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघून ओठ हलवायचो.

आता बाबा एक्याऐंशीचे. काचबिंदूने डोळे गेले. उजेड आणि काळोख एवढंच कळतं. पण डोक्यात सगळा किनारा शाबूत. कुठल्या बंदरात शिरताना कुठला डोंगर कुठल्या माडावर आणायचा, हे पडवीत बसून एकामागून एक सांगतील. मला नेहमी वाटायचं, ते आंधळे झालेच नाहीत, फक्त आम्हाला बघायचे थांबले आहेत.

आमच्या खाडीची खूण होती उंडी, एक जुनं झाड. घरासमोरच्या विहिरीच्या कठड्यापासून दक्षिणेला सात पावलांवर, पाण्याच्या अंगाला, दोघांनी कवेत धरावी लागेल एवढी. तिच्या बियांचं तेल होड्यांना लावायचं, दिव्यात घालायचं. भरतीला खाडी कुठूनही ओलांडता येते, पण सुकतीला पाणी ओसरलं की खोल वाट एकच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्या वाटेला आम्ही धार म्हणतो. होडी काठापासून जरा आत गेली की मागे वळून बघायचं. देवळाचा कळस उंडीच्या शेंड्यावर बसलेला दिसला पाहिजे. तो तसाच धरून सरळ पलीकडे जायचं. झालं.

बाबा डोळ्यांसाठी गोव्याच्या हॉस्पिटलात होते त्या आठवड्यात वादळ आलं आणि उंडी मुळासकट उलटली. वरचं लाकूड लोकांनी कापून नेलं, तसा हलका झालेला बुंधा मुळांच्या वजनाने परत जागच्या जागी उभा राहिला. पंधरा दिवसांनी बाबा घरी आले ते डोळ्यांवर पट्टी आणि तोंडावर राख फासल्यासारखे. डॉक्टरांनी हात टेकले होते. पडवीत बसले आणि पहिला प्रश्न, "वादळ झाला म्हणतत. उंडी आसा मा?"

आईने माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. मी म्हटलं, "आसा."

त्यांचा चेहरा किती सुटला म्हणून सांगू! त्या वेळी मला स्वतःचं कौतुकच वाटलं. डोळे गेलेल्या माणसाला त्याच दिवशी कशाला आणखी ऐकवायचं? आठवडाभराने सांगू. मग म्हटलं महिनाभराने. पण खोटं पाळलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. रोज सकाळी चहाच्या वेळी प्रश्न यायचा, "उंडी फुलली काय गो?" मी म्हणायची, फुलली, पांढरी धोप झाली आहे, माश्या घोंगावताहेत. ते म्हणायचे, "वास येणा नाय तो?" आतून आई म्हणायची, "वारो उलटो आसा." येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही फाटकातच ओठांवर बोट ठेवून बजावायचो. सगळी वाडी सामील. विज्ञान शिकवणारी बाई मी, मुलांना सांगायची, जे दिसतं तेच लिहा. आणि घरी येऊन नसलेल्या झाडाला फुलं आणायची!

तर गावपळणीची द्वादशी. आदल्या रात्रीच बाबांनी हिशेब केला होता. "बारा तीना छत्तीस, चारान भाग, नऊ. नवाक भरती पुरी. दहाक भायर पडाक व्हया, मग पाणीच पाणी." दहा वाजता ते होडीत जाऊन बसले. मांडीवर काठी, डोक्यावर टोपी. मी गोणपाटं, टोप, तांदूळ, करंडीत कोंबड्या, सगळं चढवलं. आणि मोजते तर एक कोंबडी कमी. खुडूक बसलेली. ती नेमकी झावळ्यांच्या ढिगाखाली आत कुठेतरी जाऊन बसली होती.

"ऱ्हवांदे गो तिका!" मी ओरडले.

"एक कोंबडी गावात ऱ्हवली तर देव माका इचारतलो, तुका नाय," आई म्हणाली आणि ढीग उपसायला लागली.

दर पंधरा मिनिटांनी होडीतून आवाज यायचा, "पाणी उतारता." मी काठापासून ढिगापर्यंत आणि ढिगापासून काठापर्यंत येरझाऱ्या घालत होते. कोंबडी सापडली तेव्हा एक वाजून गेला होता. तिने माझ्या हाताला टोच मारली, मी तिला शिव्या घातल्या, आईने मला घातल्या आणि आम्ही निघालो.

मी इंजिनाशी, आई मध्ये करंडीला टेकून, बाबा पुढच्या टोकाला गावाकडे तोंड करून. चार वर्षांत ते पहिल्यांदा पाण्यावर येत होते. पाठ ताठ झाली होती, नाकपुड्या हलत होत्या. मी एरवी होडी नेते ती तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला, काठाकाठाने. सुकतीला धार कधी पार केली नव्हती. हे मला ठाऊक होतं. त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, कळस तर आहे ना जागेवर? उंडी कुठे होती ते काय मी विसरले आहे?

विसरले होते. काठावरची खारफुटीची कांदळं त्या चार वर्षांत एवढी माजली होती की बुंधा दिसेना. शेजाऱ्यांचा जुना कौलारू मांगर होता तिथे दुमजली बंगला. सगळा काठच सरकल्यासारखा वाटायला लागला.

"आता माघारी बघ," बाबा म्हणाले. "कळस उंडीच्या शेंड्यार इलो काय?"

हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि सांगायचं, बाबा, उंडी नाही. पण मध्ये आई बसलेली, वर ऊन, तीनला नौबत वाजणार, आणि बाबांचा चेहरा असा की जणू त्यांना सगळं दिसतंय. मी हवेत एक उंडी उभी केली, तिच्या शेंड्यावर कळस ठेवला आणि म्हटलं, "इलो."

"हां. आता तसोच धर."

तसाच धरला. शंभर हात गेलो असू. खालून खर्रर्र असा आवाज आला, इंजिन खोकलं, होडीचं नाक वर उचललं गेलं आणि करंडीतल्या सगळ्या कोंबड्या एकदम किंचाळल्या. मी इंजिन बंद केलं.

"लागली?" बाबांनी विचारलं.

आईने करंडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"लागली?"

"लागली, बाबा."

मी उडी मारून उतरले. पाणी घोट्यापर्यंत. खांदा लावून ढकललं, बांबू रोवून ढकललं, आईलाही उतरवून ढकलायला लावलं. होडी ढिम्म. वरून पाणी उतरतच होतं. थोड्या वेळात घोट्याचंही राहिलं नाही. होडी एका अंगावर कलली आणि आम्ही भर दुपारी वाळूच्या पाठीवर बसलो. मी वाळूवर फेऱ्या मारायला लागले. होडीपासून वीस पावलं तिकडे, वीस पावलं इकडे.

तेवढ्यात पलीकडच्या गावचा एक मच्छीमार जाळं घेऊन परतत होता. आमच्यापासून वीस-बावीस हातांवरून त्याची हलकी होडी सरसर गेली, भरपूर पाण्यातून. त्याने हाळी दिली, "तांडेलानू, होडी खंय घातल्यात ही? धार हय रवली!" दोर टाकून त्याने ओढूनही पाहिलं, काही उपयोग झाला नाही. पाणी चढल्याशिवाय निघायची नाही, मी पलीकडे निरोप देतो, असं सांगून तो गेला.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे धार सरकूक नाय. जागच्या जागी आसा."

"होय," मी म्हटलं.

"कळस उंडीवर होतो मा?"

"होतो." दुसऱ्यांदा! जीभ झडली नाही माझी.

"मग माझा डोक्या गेला," बाबा म्हणाले.

असं साध्या आवाजात म्हणाले, जसं कोणी म्हणावं की छत्री घरी राहिली. मग हळूच पुटपुटायला लागले. शेंड्यार का उजव्या अंगाक? उजव्या अंगाक ती दुसऱ्या बंदराची खूण. थंय डोंगर माडावर आणूचो. का माड डोंगराच्या पायथ्याक? एकेक बंदर घ्यायचे, त्याची खूण म्हणायचे, थांबायचे, पुन्हा उलटी म्हणायचे. पाढे विसरलेलं पोर फळ्यापुढे उभं राहून जसं करतं तसं. मी पोरांना तसं करताना हजारदा पाहिलंय. आपल्या बापाला पाहणं वेगळं. त्या माणसाकडे आता डोळे नव्हते, पायांत जोर नव्हता. हा डोक्यातला किनारा तेवढा होता, आणि मी त्याच्या समोर बसून तो बुडवत होते.

"होडी विकून टाका," मध्येच ते म्हणाले. "तुझ्या भावाक फोन करून सांग. माका परत पाण्यार आणू नको."

मी पुन्हा फेऱ्या मारायला लागले. वाळूत माझी वाट पडली होती एव्हाना.

तीन वाजले. गावातून नौबत ऐकू आली. ढण ढण ढण, आणि मग थांबली. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. गावात आता कोणी नाही, आणि आम्ही ना आत ना बाहेर.

आईचा जीव कासावीस झाला. "ही रेती हद्दीत का हद्दीभायर?" तिने विचारलं. "हद्दीत असलो तर पाप लागताला."

एरवी बाबांनी चटकन सांगितलं असतं. हद्द म्हणजे धार, धारेच्या अल्याड गाव, पल्याड दुसरं. आज ते म्हणाले, "माका इचारू नको. माका आता काय ठाऊक नाय."

मग आईने तिला जे येतं ते केलं. होडीत उभी राहिली, गावच्या दिशेने हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं घालायचं काम देवळात मानकऱ्याचं, बायकांचं नव्हे. पण मानकरी टेम्पोतून गेले होते. गाऱ्हाण्याला पाठीमागून होकार द्यायला माणसं लागतात. बाबा गप्प. उरले मी.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या हुकमान गाव सोडून भायर पडली..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"वाटेत होडी रेतयेक लागली. कोणाची वायट नजर, कोणाची इडापिडा आडवी इली असात, ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा."

"जाणता-अजाणता आमच्या हातसून काय चुकला असात, आमच्या तोंडसून कोण खोटा बोलला असात..."

तोंडात बसलेले शब्द, ते सवयीने आले. म्हणून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी व्हय म्हाराजा म्हणायला हवं होतं. रीत आहे, होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. बाबांनी मान वळवली. होकार का आला नाही म्हणून त्यांचे कान उभे राहिले होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि मग थांबताच येईना. "बाबा, तुमचा चुकूक नाय. माझा चुकला. उंडी नाय. उंडी वादळात पडली. तुमी गोव्याक होतास तेव्हा."

आईने हात खाली घेतले. "तिका बोलू नकात. मी तिका गप ऱ्हव म्हटलंय."

बाबांनी तळहात वर केला. गप्प, असा.

"चार वर्सां?" त्यांनी मला विचारलं.

"चार."

"मगे गेल्या म्हयन्यात फुलली ती काय?"

काय सांगणार? कपाळ!

"माका उतरय," ते म्हणाले.

"बाबा, ऊन—"

"उतरय म्हणतंय मा!"

मी उतरवलं. त्यांनी धोतर वर खोचलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी ठेवतात तसा नाही, बैलाच्या खांद्यावर जू ठेवतात तसा. अनवाणी पायांनी वाळू चाचपत निघाले, मघाशी त्या मच्छीमाराची हाक आली होती त्या दिशेला. पावलं मोजत होते. सातव्याला वाळूवरच्या लाटांच्या रेघा बदलल्या, ते त्यांनी अंगठ्याने दोनदा घासून पाहिलं. दहाव्याला पाणी लागलं. अकराव्याला गुडघ्यापर्यंत, एकदम थंड.

"हीच धार," ते म्हणाले. "आता माघारी बघ. खरा सांग. कळस खंय आसा?"

मी वळून बघितलं. त्या जागेवरून कांदळांमध्ये एक फट होती, आणि फटीतून बुंधा दिसत होता. त्यावर कोणाची तरी गोधडी वाळत घातलेली, घाईत विसरलेली. आणि बुंध्याच्या थेट वर, सुतात धरल्यासारखा, कळस.

"बुंध्याच्या वर, बाबा. बरोबर वर."

"खरा?"

"देवाशपथ."

"माझा चुकूक नाय!" ते ओरडले. सबंध मोकळ्या खाडीला ऐकू जाईल असे. "ऐकलंस गो? माझा चुकूक नाय!" होडीतून आई रडत रडत हसली. मीही हसायला लागले, आणि मग त्यांच्याकडे बघितलं तर त्यांचं हसू आटत चाललं होतं.

"आणखी काय काय नाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"गावात. आणखी काय काय नाय? सांग. मी आंधळो म्हणान तुमी माका कायव दाखवलात."

मग धारेच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभं राहून मी सांगितलं. विहिरीवरचा रहाट नाही, पंप बसवला. मग रोज सकाळी तो कुरकुर आवाज? तो शेजारच्या लोखंडी फाटकाचा. शेजाऱ्यांचा मांगर नाही, बंगला आहे, पर्यटकांना खोल्या देतात. धक्क्याच्या दगडी पायऱ्या नाहीत, सिमेंटचा उतार आहे. पिंपळाखालचा पार नाही, रस्ता रुंद केला. मी सांगत गेले, ते एकेक बोट मिटत गेले. दोन्ही हातांच्या मुठी झाल्या तेव्हा मी थांबले. पाणी मांडीला लागायला लागलं होतं. भरती सुरू झाली होती.

होडीपर्यंत येताना त्यांनी पुन्हा पावलं मोजली. बसल्यावर म्हणाले, "बुंधो होडीतसून दिसाचो नाय. उंच असा काय आसा थंय?"

"विहिरीजवळ पाण्याची टाकी आसा. निळी."

"हात लांब कर. कळस टाकीपासून किती?"

मी हात लांब करून बोटांनी मापलं, मग धारेपर्यंत धावत जाऊन तिथूनही मापलं आणि परत आले. "उजवेक दोन बोटां. धारेतसून तीन."

"तीन. कळस टाकीच्या उजवेक तीन बोटां." त्यांनी ते चार-पाच वेळा म्हटलं, जुन्या खुणा म्हणायचे त्याच चालीवर.

पावणेपाचला होडीने अंग हलवलं. मी बांबूने रेटून ती धारेच्या बाजूला काढली, इंजिन चालू केलं. बाबा विचारत होते, "किती?" मी सांगत होते, "दोन... अडीच... तीन." "धर." पंख्याखाली पाणी खोल झाल्याचा आवाज आला, जरासा घुमणारा. त्यांनाही आला असणार, कारण त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

पलीकडे मंडळी काठावर जमली होती. निरोप पोचलेला. चार जण पाण्यात उतरून होडी ओढायला आले. त्यांतला एक म्हातारा, बाबांच्याच वयाचा, मस्करी करायची संधी सोडेल तर शपथ. "काय तांडेलानू! लागली मा शेवटाक होडी रेतयेक?"

सगळे हसले. मी तोंड उघडलं. म्हणणारच होते, चूक माझी, त्यांची नव्हे.

त्याच्या आधी बाबा म्हणाले, "लागली. तांडेल मी होतंय."

बस्स, एवढंच. होडीत कोण काय बोललं, कोणी काय लपवलं, एक अक्षर नाही. होडीची चूक तांडेलाची, ती दुसऱ्यावर टाकायची नसते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर मी उलट चार घातल्या असत्या, मला ते येतं. ह्याला काय करायचं?

तीन दिवस माळावर ते सगळ्यांशी बोलले. आईशी, मस्करी करणाऱ्या म्हाताऱ्याशी, त्या खुडूक कोंबडीशीसुद्धा. माझ्याशी नाही. मी वाढलेला भात जेवायचे, पण आधी ताटात बोट घालून काय वाढलंय ते चाचपायचे. देवाने परत यायचा कौल दिला त्या दिवशी आम्ही होडीने निघालो, तेव्हा त्यांनी शेजारच्या माणसाला हात धरून पुढे बसवून घेतलं आणि त्याला विचारत राहिले, "टाकी दिसता काय? कळस किती बोटां?" इंजिनाशी मी होते. मला दिसत होतं. मला विचारलं नाही.

घरी आल्यावरही तेच. फाटकातून कोण आलं ते माझ्याऐवजी पोस्टमनला विचारायचे. चहा ठेवला आणि गरम आहे म्हटलं, तरी कपाला आधी बोट लावून बघायचे. महिना गेला. मी पडवीत फिरायची बंद झाले होते, कारण माझ्या पावलांचा आवाज आला की ते तोंड दुसरीकडे वळवायचे. आई म्हणायची, "शांत रव, निवताला." मी आणि शांत!

एका सकाळी मी चहा घेऊन गेले. कप खाली ठेवून वळणार एवढ्यात ते म्हणाले, चार वर्षं रोज विचारायचे अगदी त्याच आवाजात, "उंडी फुलली काय गो?"

आतून आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी पडवीच्या कडेला गेले. बघितलं. न बघताही सांगता आलं असतं, पण बघितलं.

"उंडी नाय, बाबा."

"मगे काय आसा थंय?"

"टाकी आसा. निळी. तिच्यार एक कावळो बसलोहा."

त्यांनी टाकीच्या दिशेला कान केला. मग टाकीवरून कावळा ओरडला, आणि बाबांनी कपाला बोट न लावता चहाचा घोट घेतला.